अठरा नंबरचं कार्ड

अडीच इंच रुंद, साडेतीन इंच उंच, पुठ्ठ्याचा एक तुकडा. भोवती गडद निळी चौकट. आत एक पोरसवदा खेळाडू, किंचित पुढे वाकलेला, हातांत काठी. अंगात निळीच जर्सी, तिच्यावर नारिंगी-पांढरे पट्टे. डोक्यावर हेल्मेट, त्याखालून निसटलेले पिंगट केस. नाव वेन ग्रेट्स्की, संघ एडमंटन ऑइलर्स. कॅनडातल्या ओ-पी-ची या च्युइंगगमवाल्या कंपनीनं १९७९-८० च्या आइस हॉकी हंगामासाठी ३९६ कार्डांचा संच काढला, त्यातलं हे १८ नंबरचं कार्ड. पोराचं वयही तेव्हा तेवढंच होतं.

२०२१ साली या कार्डाची एक प्रत साडेसदतीस लाख डॉलरना विकली गेली. तोवर कुठल्याही हॉकी कार्डाला एवढी किंमत आली नव्हती. किमतीकडे मी येणारच आहे, ती टाळून या कार्डाबद्दल बोलता येत नाही. पण मला हे कार्ड आवडतं ते या चित्रात काहीच घडत नाही म्हणून.

हॉकी म्हटलं की आपल्याला आठवतात ध्यानचंद, किंवा खडकीतून वर आलेला धनराज पिल्ले. ही हॉकी ती नव्हे. दोनशे फूट लांब, पंच्याऐंशी फूट रुंद बर्फाचं मैदान, कडेनं फळ्यांची भिंत. प्रत्येक बाजूला पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक. सगळ्यांच्या पायांत धारदार पात्यांचे बूट. चेंडूच्या जागी कडक रबराची तीन इंच व्यासाची चकती, तिला पक म्हणतात. समोरच्याला अंगानं धडक देऊन आडवं करणं हा गुन्हा नाही, कसब आहे. गोलच्या जाळीमागेही मोकळी जागा असते आणि तिथूनही खेळता येतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. अशा खेळाच्या कार्डावर माणूस काय छापेल? फटका, धडक, दातपडका विजयी चेहरा. नाहीतर स्टुडिओत घ्यावा तसा ऐटबाज फोटो, काठी बर्फावर टेकवून कॅमेऱ्याकडे पाहणारा.

या कार्डात दोन्ही नाही. पक चौकटीत दिसतच नाही. गोल दिसत नाही. पोरगा कॅमेऱ्याकडे पाहत नाही. त्याची नजर चौकटीबाहेर कुठेतरी लागली आहे. खेळ चालू आहे, पण तो दुसरीकडे चालू आहे आणि हा त्याच्याकडे बघतो आहे. छायाचित्र बॉस्टनकडच्या स्टीव्ह बॅबिनोचं. अशा सामन्यांत छायाचित्रकार शेकडो चित्रं टिपतात, कार्डवाले त्यातलं एखादं उचलतात. तेव्हा इथे कुणी काही खोल विचार केला असेल असं मी म्हणत नाही. नव्या पोराचं एक बऱ्यापैकी स्वच्छ चित्र मिळालं, लावून टाकलं, इतकंच झालं असणार. पण पुढची वीस वर्षं हा माणूस जे करून जगाला चकित करत राहिला, नेमकं तेच तो या चित्रात करतो आहे. तो बघतो आहे.

ग्रेट्स्कीच्या अंगात हॉकीपटूला लागतं ते जवळजवळ काहीच नव्हतं. उंची सहा फूट, म्हणजे बरी. पण अंगलोट काटकुळी. वेग साधारण, फटक्यात जोर बेताचा. संघाच्या ताकदीच्या चाचण्यांत आपण तळाला असायचो, हे तो स्वतःच हसत सांगायचा. कार्डातही जर्सी खांद्यावर अडकवल्यासारखी दिसते, अंगाला भरून बसत नाही. लहानपणापासून मोठ्या मुलांत खेळल्यामुळे जर्सी नेहमी मोठीच मिळायची. ती काठीत अडकू नये म्हणून तो एका बाजूनं विजारीत खोचायचा. ही खोच शेवटपर्यंत टिकली, जर्सी मापाची मिळायला लागल्यावरही.

१९६१ च्या जानेवारीत ओंटारियोतल्या ब्रँटफर्डला त्याचा जन्म. वडील वॉल्टर टेलिफोन कंपनीत नोकरीला. हिवाळ्यात घरामागच्या अंगणात रात्री पाणी सोडून ठेवायचं, सकाळी बर्फाचं मैदान तयार. वेन दोन-अडीच वर्षांचा असताना त्यावर उभा राहिला. दहाव्या वर्षी एका हंगामात ८५ सामन्यांत ३७८ गोल. हा आकडा पहिल्यांदा वाचतो त्याला छपाईची चूकच वाटते. पण मला या बालपणातली सगळ्यात मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. टीव्हीवर सामना लागला की हा पोरगा मांडीवर कागद घेऊन बसायचा. कागदावर मैदानाचा आराखडा. पक जिकडे जाईल तिकडे पेन्सिल, नजर मात्र टीव्हीवरून हलवायची नाही. सामना संपला की कागदावर रेघांचं जंजाळ. जिथे रेघा एकमेकींवर सर्वाधिक चढलेल्या, तिथे पक वारंवार येतो. मग आपण तिथे असावं.

पक जिथे आहे तिथे धावू नकोस, जिथे जाणार आहे तिथे जा, ही वॉल्टरची शिकवण पुढे व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत वापरून वापरून पार गुळगुळीत करून टाकली गेली. कंपन्यांच्या बैठकांत पडद्यावर ती इतक्यांदा झळकली आहे की ऐकणाऱ्याला तिचा वीट यावा. मूळ प्रकार मात्र कागद-पेन्सिलीचा होता, आणि त्यात रोजची तालीम होती. अंतर्ज्ञान वगैरे काही नाही.

त्या कागदावर गोलमागची जागाही असणार. किशोरवयात त्याला एका प्रशिक्षकानं फिलाडेल्फियाचा बॉबी क्लार्क कसा खेळतो ते बघायला सांगितलं. क्लार्क जाळीमागे जाऊन पास द्यायचा. ग्रेट्स्कीनं तिथे मुक्कामच ठोकला. जाळीमागे उभं राहिलं की धडक द्यायला येणाऱ्याला जाळीला वळसा घालून यावं लागतं. तो डावीकडून आला तर उजवीकडून निसटायचं, उजवीकडून आला तर डावीकडून. गोलरक्षकाला तर मान मागे वळवावी लागते, आणि मान वळली की समोरून आपला साथीदार मोकळा. दुबळ्या अंगाच्या माणसानं मैदानातली एकमेव अशी जागा शोधून काढली होती जिथे अंगाचं बळ फारसं चालत नाही. प्रेक्षकांनी तिचं नाव ठेवलं ग्रेट्स्कीचं ऑफिस.

कार्डातली जर्सी कुठली, हाही छोटासा इतिहास आहे. अमेरिका-कॅनडातली मोठी संघटना म्हणजे नॅशनल हॉकी लीग. तिच्या नियमाप्रमाणे सतरा वर्षांच्या मुलाला घेता येत नव्हतं. तिच्याशी टक्कर घेणारी वर्ल्ड हॉकी असोसिएशन १९७२ पासून चालू होती, पैशांची कायम ओढाताण, पण वयाची अट ती धाब्यावर बसवायची. तिच्या इंडियानापोलिस संघाचा मालक नेल्सन स्कालबेनिया यानं १९७८ मध्ये आपल्या खासगी विमानात या पोराचा करार केला. करारपत्र पोरानंच हातानं लिहिलं. आठ सामने झाले आणि स्कालबेनियाचे पैसे आटले. त्यानं पोराला एडमंटनच्या पीटर पॉकलिंग्टनला विकलं. २६ जानेवारी १९७९ ला, अठराव्या वाढदिवशी, एडमंटनच्या मैदानाच्या मध्यावर टेबल मांडून ग्रेट्स्कीनं एकवीस वर्षांच्या करारावर सही केली. त्याच उन्हाळ्यात वर्ल्ड हॉकी असोसिएशन बुडाली. तिचे चार संघ नॅशनल हॉकी लीगमध्ये सामील झाले, एडमंटन त्यातला एक. म्हणजे कार्ड नव्या लीगचं, आणि चित्र बुडालेल्या लीगमधलं.

कार्ड उलटं केलं की इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन भाषांत मजकूर. कॅनडासाठी छापलेल्या कार्डाची ही खूण. १९७८-७९ च्या हंगामात त्यानं इंडियानापोलिस आणि एडमंटन मिळून ८० सामने खेळले, ४६ गोल केले आणि ६४ असिस्ट, म्हणजे साथीदाराच्या गोलसाठी दिलेले पास. गोल आणि असिस्ट प्रत्येकी एक गुण, एकूण ११०. सतरा-अठरा वर्षांच्या पोराचे हे आकडे पाहूनही जाणकारांनी नाकं मुरडली. त्या फुटकळ लीगमध्ये ठीक आहे, इथे मोठ्यांत आल्यावर मोडेल, असा सूर होता.

पहिल्याच हंगामात त्यानं १३७ गुण केले. लॉस एंजलिसच्या मार्सेल डिओनचेही १३७. डिओनचे गोल दोननं जास्त, म्हणून सर्वाधिक गुणांची आर्ट रॉस ट्रॉफी त्याला गेली. सर्वोत्कृष्ट खेळाडूची हार्ट ट्रॉफी मात्र ग्रेट्स्कीला मिळाली. आणि सर्वोत्कृष्ट नवोदिताची? ती बॉस्टनच्या रे बोर्कला. कारण लीगनं ठरवलं की दुसऱ्या लीगमध्ये पूर्ण हंगाम खेळून आलेला माणूस नवोदित धरायचा नाही. गंमत अशी, की संग्राहकांच्या भाषेत हे कार्ड ‘रूकी कार्ड’, म्हणजे नवोदिताचं पहिलं कार्ड. या कार्डाची सगळी किंमत त्या एका शब्दावर उभी आहे, आणि तो शब्द लीगनं या माणसाला लावूच दिला नव्हता.

याच संचात १७५ नंबरचं कार्ड गॉर्डी हाऊचं आहे. हाऊ हा ग्रेट्स्कीचा लहानपणापासूनचा देव. त्याची जर्सी ९ नंबरची. किशोर संघात ग्रेट्स्कीला ९ हवा होता, तो एका जुन्या खेळाडूकडे होता, म्हणून प्रशिक्षकाच्या सुचवण्यावरून ९९ घेतला. १९७२ साली ब्रँटफर्डच्या एका समारंभात हाऊनं अकरा वर्षांच्या वेनच्या गळ्यात गमतीनं काठी अडकवलेलं एक छायाचित्र आहे, कॅनडात ते घरोघर ओळखीचं. १९७९ च्या जानेवारीत मॉस्कोच्या डायनॅमो संघाविरुद्धच्या सामन्यांत तर ते एका फळीत खेळले: मध्ये ग्रेट्स्की, एका बाजूला गॉर्डी हाऊ, दुसऱ्या बाजूला त्याचा मुलगा मार्क. तेव्हा पोराची जर्सी मोठी होत होती, ती हाऊनं सुईदोरा घेऊन टाचून दिली, असा किस्सा सांगतात. १९७९-८० चा हंगाम हाऊचा शेवटचा. वय ५१, आणि तरी पूर्ण ८० सामने खेळला. म्हणजे त्या वर्षी कॅनडातल्या एखाद्या मुलानं खाऊच्या पैशांतून पाकीट घेतलं असेल आणि च्युइंगगमच्या पट्टीबरोबर एका हातात हाऊचं शेवटचं आणि दुसऱ्या हातात ग्रेट्स्कीचं पहिलं कार्ड आलं असेल, हे अगदी शक्य होतं. असा योग दुसऱ्या कुठल्याही हॉकी संचात मला माहीत नाही.

आता कागदाकडे येऊ. टोरोंटोजवळ मिसिसागात राहणाऱ्या एका मराठी स्नेह्यांकडे या कार्डाची प्रत मी भिंगाखाली पाहिली आहे. प्रत मध्यम दर्जाची. दोन कोपरे गोल झालेले, डाव्या कडेला निळा रंग उडून पांढरा पुठ्ठा डोकावतो आहे. निळी चौकट हीच या संचाची दुखरी जागा. पांढऱ्या किनारीच्या कार्डाला थोडा घसारा बसला तर कळतही नाही. इथे मात्र नखाएवढा टवका गेला तरी लांबून दिसतो. त्या काळच्या मुलांनी ही कार्डं रबरबँडनं बांधली, सायकलच्या चाकात खोचली, भिंतीवर मारून जिंकली-हरली. निळी किनार हे सगळं लपवून ठेवत नाही, आल्यागेल्याला सांगत बसते.

उजवी कड मात्र झिजलेली नव्हती, तरी खरखरीत होती, तंतू निघालेली. मला आधी ते नुकसान वाटेल हे ओळखून स्नेही हसले. ‘ही कड जन्मापासून अशीच आहे,’ ते म्हणाले. ‘गुळगुळीत असती तर मी घेतलंच नसतं.’ ओ-पी-ची कंपनी ओंटारियोतल्या लंडन या गावची. अमेरिकेतल्या टॉप्स कंपनीच्या परवान्यानं ती कॅनडासाठी कार्डं काढायची. टॉप्सनंही त्या वर्षी याच आराखड्याचा, २६४ कार्डांचा संच काढला. त्यातही ग्रेट्स्कीचा नंबर १८ आणि चित्रही हेच. पण टॉप्सची छाटणी पात्यानं, साफ. ओ-पी-ची मोठे ताव तारेनं कापायची. एका तावावर १३२ कार्डं, असे तीन ताव म्हणजे ३९६. तार बोथटली की पुठ्ठा कापला जाण्याऐवजी फाटायचा आणि कडेला ही लव राहायची. कंपनीला त्याची फिकीर नव्हती. च्युइंगगमबरोबर फुकट जाणारी वस्तू, तिची कड कोण बघतो? आज त्याच कडेवरून खरं-खोटं ओळखतात. या कार्डाच्या बनावट प्रती फार वर्षांपासून फिरत आहेत, आणि बनावट माल बहुधा नको इतका स्वच्छ असतो. दुसरी खूण खांद्यापाशी: जर्सीवर पिवळ्या शाईचा एक बारीक ठिपका. छपाईच्या पत्र्यावरचा दोष, तो अस्सल प्रतींवर उतरला. भिंग धरल्यावर तो दिसला तेव्हा मला कार्डाच्या चित्रापेक्षा त्या ठिपक्याचंच कौतुक वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

टॉप्सचं कार्ड रंगांनी जास्त उठावदार आणि नेटकं आहे. तरीही पसंती ओ-पी-चीला, आणि माझ्या मते ती योग्यच आहे. खेळ कॅनडाचा, पोरगा कॅनडाचा, ओ-पी-चीचं कार्डही तिथलंच. शिवाय त्या निळ्या चौकटीत निळी जर्सी मिसळून जाते आणि चेहरा तेवढा पुढे येतो. फाटक्या कडेमुळे हा परिणाम जास्तच जाणवतो: मोठ्या चित्रातून कुणीतरी एवढाच भाग ओढून काढलाय असं वाटतं.

कडांचा विषय निघालाच आहे तर एक आडवळण घेतो, कारण त्याचा संबंध थेट या पोराशी आहे. अमेरिकेत बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, सिगारेटच्या पाकिटात मिळणारं एक कार्ड आहे, टी-२०६ संचातलं. प्रती मोजक्याच. त्यातली सगळ्यात देखणी १९९१ साली न्यू यॉर्कला सदबीजच्या लिलावात आली आणि ४,५१,००० डॉलरना गेली. घेणारे दोघे: लॉस एंजलिस किंग्जचा मालक ब्रूस मॅकनॉल आणि तेव्हा त्याच्याच संघातून खेळणारा वेन ग्रेट्स्की. पीएसए ही कार्डांचा दर्जा ठरवणारी कंपनी तेव्हा नुकतीच निघाली होती. तिनं दर्जा दिलेलं हे पहिलंच कार्ड, दहापैकी आठ. त्या मान्यतेवर हा सगळा धंदा उभा राहिला. जगभरात ते ‘ग्रेट्स्की वॅग्नर’ म्हणून ओळखलं जातं. पुढे मॅकनॉल बँकांना फसवल्याबद्दल तुरुंगात गेला. ग्रेट्स्कीनं कार्ड विकून टाकलं, २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरवर पोचलं. आणि २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या लिलाववाल्यानं कोर्टात कबुली दिली की त्या कार्डाच्या कडा आपण छाटल्या होत्या. वॅग्नरच्या कडा इतक्या सरळ होत्या म्हणून तर तो देखणा दिसत होता! ज्या माणसाचं स्वतःचं कार्ड खरखरीत कडेवरून अस्सल ठरतं, त्याच्या नावावर जगातलं सर्वांत प्रसिद्ध छाटलेलं कार्ड. हे कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर मी पान उलटून पुढे गेलो असतो.

बाकीची कारकीर्द थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर मोठाले ग्रंथ झाले आहेत. मोरिस रिशारनं १९४४-४५ मध्ये ५० सामन्यांत ५० गोल केले होते, माइक बॉसीनं १९८०-८१ मध्ये त्याची बरोबरी केली. पुढच्याच हंगामात ग्रेट्स्कीनं ३९ सामन्यांत पन्नाशी गाठली. ३० डिसेंबर १९८१, समोर फिलाडेल्फिया, एकाच सामन्यात पाच गोल. त्या हंगामात ९२ गोल, २१२ गुण. १९८५-८६ मध्ये २१५ गुण, त्यात १६३ असिस्ट. एका हंगामात दोनशे गुण त्याच्याशिवाय कुणीच केलेले नाहीत, त्यानं चारदा केले. एडमंटनला १९८४, ८५, ८७ आणि ८८ मध्ये स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद. अर्थात मार्क मेसिए, यारी कुर्री, पॉल कॉफी आणि गोलरक्षक ग्रँट फ्यूर यांच्यासारखे साथीदार होते, त्यांच्याशिवाय हे झालं नसतं. फिनलंडचा कुर्री पास कुठे येणार ते आधीच ओळखून तिथे पोचायचा. एकाच्या बघण्याला दुसऱ्याचं बघणं मिळालं की काय होतं, ते या जोडीच्या जुन्या चित्रफिती पाहूनच कळावं.

९ ऑगस्ट १९८८ ला पॉकलिंग्टननं त्याला लॉस एंजलिसला विकलं. दीड कोटी डॉलर, दोन खेळाडू आणि पुढे नवे खेळाडू निवडण्याचे तीन हक्क असा सौदा. ग्रेट्स्की पत्रकारांसमोर रडला. एडमंटनमध्ये पॉकलिंग्टनचा पुतळा जाळला गेला. एका खासदारानं सरकारनं मध्ये पडून सौदा रोखावा अशी मागणी केली. आपल्याकडे एखादा खेळाडू दुसऱ्या संघात गेला म्हणून संसदेत प्रश्न निघाला असं माझ्या तरी ऐकिवात नाही, तेव्हा कॅनडाच्या दुःखाची कल्पना यावी. लॉस एंजलिसला त्याला कप मिळाला नाही. पण ज्या गावांत बर्फ फक्त पेल्यात दिसतो तिथे आइस हॉकी रुजली ती त्याच्यामुळे. पुढच्या पाच वर्षांत कॅलिफोर्नियातच आणखी दोन संघ निघाले. हाऊचा १८५० गुणांचा विक्रम त्यानं १५ ऑक्टोबर १९८९ ला मोडला, तोही एडमंटनच्याच मैदानात, पाहुण्या संघाची जर्सी घालून, हाऊच्या समोर. नंतर काही काळ सेंट लुइस, मग न्यू यॉर्क. १९९९ च्या एप्रिलमध्ये निवृत्ती. त्याचा ९९ नंबर लीगमधल्या सगळ्याच संघांनी बंद केला.

आणि किंमत. दहापैकी दहा दर्जाच्या या कार्डाच्या पीएसएच्या नोंदीत दोनच प्रती होत्या. त्यातली एक २०१६ मध्ये ४,६५,००० डॉलरना, २०२० च्या डिसेंबरात १२ लाख ९० हजारांना आणि पाच-सहा महिन्यांत साडेसदतीस लाखांना. एवढ्याशा काळात पुठ्ठ्यात काही बदल झाला नव्हता. बदललं होतं ते करोनाकाळात घरी बसलेल्यांच्या हातातल्या पैशाचं वाहणं. दहाच्या आणि आठच्या प्रतीत फरक केसाएवढा: चित्र मध्यावर आहे की जरा सरकलंय, निळ्या कडेवर पांढरा कण आहे की नाही. चित्र तेच, पोरगा तोच, नजर तीच. माझं स्पष्ट मत आहे की या दोन प्रतींच्या किमतीतल्या फरकाचा कार्डाच्या गुणाशी संबंध नाही. तो पैसा दुर्मीळ दर्जाला मिळतो. तसा मिळावा, ज्याचा त्याचा शौक. पण रसिकानं त्या स्पर्धेत उतरण्याचं कारण नाही. कोपरे गोल झालेली, पण चित्र मध्यावर बसलेली, खरखरीत कडेची आणि पिवळ्या ठिपक्याची प्रत मला दहाच्या प्रतीइतकीच आवडते. चित्र एका बाजूला सरकलेलं असलं तर मात्र मजा जाते. मग त्याच्या नजरेपुढची मोकळी जागा कमी होते, आणि या कार्डात बघण्यासारखं मुख्य तेच आहे.

६ एप्रिल २०२५ ला अलेक्झांडर ओवेच्किननं ८९५ वा गोल करून ग्रेट्स्कीचा ८९४ गोलांचा विक्रम मोडला. ग्रेट्स्की तेव्हा प्रेक्षकांत होता. गोल हे ओवेच्किनचंच क्षेत्र, त्यामुळे त्यात काही वावगं झालं नाही. ग्रेट्स्कीचं क्षेत्र बघून पास देण्याचं, आणि त्याचे असिस्ट १९६३ आहेत. नॅशनल हॉकी लीगच्या इतिहासात दुसऱ्या कुणाचेही गोल आणि असिस्ट मिळूनही तेवढे गुण झालेले नाहीत. दुसऱ्या क्रमांकावरच्या यारोमीर यागरचे सगळे मिळून १९२१.